शिशाची झिलई

"आण इकडे ते पोर! वांझेच्या मांडीवर कुणी ठेवलं त्याला?"

बाप्तिस्म्याच्या जेवणात, साऱ्या आळीच्या देखत, जिला सारे मानाने 'दोन्या' म्हणत त्या ब्रिहिदाने आपल्या सुनेच्या, ओरालियाच्या, कुशीतून पुतणीचं बाळ हिसकावून घेतलं आणि तिचे हात तसेच अधांतरी राहिले... बायका ताटात तोंड खुपसून बसल्या. आणि एलादिओ? तिचा नवरा? तो आपला मक्याच्या भाकरीचे, तॉर्तियाचे, तुकडे मोडत राहिला, जणू कुणा परक्या बाईचा अपमान चालला होता! साऱ्या कुंभारवाड्यात त्याच्यासारखी भांडी घडवणारा हात नव्हता. तोंड मात्र देवाने त्याला फक्त जेवायला दिलं होतं.

दोष ओरालियाचा नव्हताच! वर्षापूर्वी एलादिओने तपासणी करून घेतली खरी, पण निकाल ऐकायला जायची त्या मर्दाला लाज वाटली. त्याने बायकोला पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं, की भांड्यांच्या झिलईतलं शिसं त्याच्या अंगात भिनलंय, त्यानेच त्याचं बीज जळत चाललंय. त्याला त्या कामापासून दूर ठेव. पेरू दे, पालेभाज्या दे, लाल अंबाडीच्या फुलांचं सरबत दे. शिशाने होणारी हानी त्याने थोडी आवरते, पण थोडीच. ती घरी आली तेव्हा एलादिओ दारातच उभा होता, प्रेतासारखा पांढरा. ती म्हणाली, "दोष माझ्यात आहे. तुझं फक्त रक्त जरा कमी आहे, अंबाडीचं सरबत पी म्हणाल्या." केवढा सुटकेचा निःश्वास टाकला त्याने! त्या एका निःश्वासासाठी त्या मानिनीने जन्माचा कलंक पदरात घेतला...

शिशाने रक्त कमी होतं, झिलईचं काम सोड म्हणून तिने परोपरीने विनवलं. तो हसला. "बापजाद्यांनी हेच केलं, ते काय शिशाने मेले?"

आणि सरबत करायचं सुखही तिला लाभू नये! "तुझा हात नको माझ्या लेकाच्या औषधाला," असं म्हणून म्हातारी स्वतः फुलं भिजत घालू लागली. तीही कशात? तर घरच्याच झिलईने आरशासारख्या चकाकणाऱ्या आपल्या लाडक्या सुरईत! ओरालियाने माहेरची काचेची बरणी पुढे केली, तर तिने नाक मुरडलं. "कुंभाराच्या घरात काच? तुझ्या माहेरी शोभते ती." एलादिओ रोज ते आंबटढाण सरबत पीत होता. त्याचं पोट दुखू लागलं, मनगटं लुळी पडू लागली. हा सारा सुनेचा पायगुण, असं म्हणत म्हातारी एक पेला जास्तच पाजायची.

बाप्तिस्म्यानंतरच्या रविवारी तो पोट धरून ओसरीत कोसळला. डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी सुरईत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"इतकं आंबट, आणि ह्या शिशाच्या झिलईच्या भांड्यात?"

"भट्टीत भाजलं की शिसं मरतं," ब्रिहिदा ताठ मानेने म्हणाली. "आम्हाला नका शिकवू."

"मरत नाही, दोन्या! आंबट लागलं की सुटून येतं. ज्याने त्याला आधार मिळायचा, त्यातच विष कालवून पाजलंत तुम्ही!" आणि संतापाच्या भरात बाई बोलून गेल्या, "वर्षापूर्वी ह्या मुलीला सांगितलं होतं, नवऱ्याचं बीज शिशाने जळतंय, त्याला सांभाळ म्हणून..."

एलादिओने मान वर केली. "म्हणजे... दोष माझा होता? आणि तू..." तो हुंदके देऊन रडू लागला.

ओरालियाचं काळीज कळवळलं, पण वर्षभराची घृणाही उसळून आली. "आता रडतोस? एकदा, फक्त एकदा, 'आई, पुरे' म्हणाला असतास तर!"

त्याला शहराच्या इस्पितळात नेलं. औषधांनी पोटदुखी थांबली, मनगटांत हळूहळू बळ येऊ लागलं. मूल होईल का, ते मात्र कुणी छातीठोक सांगेना. तो घरी परतला त्या दिवशी ब्रिहिदा चुलीपाशी येऊन कुजबुजली, "मुली, क्षमा कर मला..."

"क्षमा चुलीपाशी मागता, सासूबाई? शिव्या तर चारचौघांत दिल्यात!"

म्हातारी आल्या पावली वळली. दुसऱ्या दिवशी सकाळी मक्याच्या गिरणीवर बायकांची रांग होती. ओरालिया रांगेत उभी होती आणि नेहमीसारखी तिच्या पुढेमागे जागा मोकळी सुटली होती. ब्रिहिदा भिजवलेल्या मक्याची बादली घेऊन आली आणि थेट तिच्या शेजारी उभी राहिली.

"ऐका गं साऱ्या! माझी सून वांझ नाही. दोष माझ्या लेकात आहे, आणि लेकाला तो आमच्या भट्टीने दिला."

एकजण फिस्सकन हसली. "मग हिने का घेतलं अंगावर? वेडी आहे का?"

"माझ्यामुळे!" ब्रिहिदाचा आवाज फाटला. "माझी जीभ तिला माहीत होती. जे तिला बोलले ते त्याला बोलले असते, तर माझा लेक जगला नसता... हे तिला कळलं गं! मला, त्याच्या आईला, नाही कळलं!"

म्हातारीच्या हातातली बादली कलली होती, मक्याचं पाणी तिच्या पावलांवर सांडत होतं. किती दिवस ओरालियाने ह्या बाईचा मनोमन तिरस्कार केला होता! आता तो शोधूनही सापडेना...

तिने बादलीची कडी आपल्या हातात घेतली.

"सोडा, आई. जड आहे."