त्या दगडाला सांगितलेलं नाव

हे माझ्या सख्ख्या नणंदेच्या बाबतीत घडलंय. ऐकीव नाही. अर्धं तिनं मला स्वयंपाकघरात बसून रडत सांगितलं आणि अर्धं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही.

हवाईतलं मोलोकाई बेट. पूर्वेचं टोक. साल २०१७, फेब्रुवारीतला गुरुवार.

आणि वेळ रात्रीची नाही हं. सकाळची. सूर्य समुद्रातून नुकता वर येत होता. असले प्रकार रात्रीच होतात म्हणणाऱ्याला एकदा आमच्याकडे पाठवून द्या.

नणंदेचं नाव उलुवेही. आम्ही उलुच म्हणतो. बावीस वर्षं ती बेटावरच्या पवित्र दगडांचे फोटो काढतेय. देवस्थानांचे चौथरे, मासेमारांचे दगड, खुणा कोरलेले दगड, सगळे. कुठे बंगला उठतो, कुठे रस्ता निघतो, आणि असे दगड बघता बघता गायब होतात. मग पुरावा म्हणून उरतो तो उलुचा फोटो. तिच्या फोटोंमुळे दोनदा बुलडोझर माघारी गेलेत. उगाच नाही सांगत.

पण एक दगड तिला कधीच मिळाला नाही.

तो आमच्या दरीत आत आहे. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही.

त्याच्याभोवती कमरेएवढी दगडी भिंत आहे, तिला एक फट आहे. फटीशी उभं राहायचं. आपलं नाव सांगायचं, आईचं, आजीचं सांगायचं. कशासाठी आलो ते सांगायचं. आणि थांबायचं. होकार आला तर आत. नाही आला तर गुपचूप घरी. तिथे हुज्जत चालत नाही.

उलु दोनदा जाऊन उभी राहिली होती. दोन्ही वेळा होकार आला नाही.

त्या वर्षी एका हॉटेलवाल्याला दरीतून रस्ता हवा होता. येत्या मंगळवारी सुनावणी होती. त्या दगडावरच्या खुणांचा फोटो टेबलावर आला तरच रस्ता अडणार होता.

बुधवारी संध्याकाळी आम्ही नाइहे काकांच्या ओसरीवर जेवायला बसलो होतो. दगडाची राखण त्यांच्या घराण्याकडे आहे. ताटात पोई, म्हणजे अळूच्या कंदाचा लगदा, आणि सुकी मासळी. मी, उलु आणि उलुची मावसबहीण मेलेआना. मेलेआना एकतीस वर्षांची. कॅमेरा हातात घेऊन तिला जेमतेम तीन वर्षं झाली होती, आणि तो हातात दिला होता उलुनंच.

काका म्हणाले, "शुक्रवारी सकाळी मेलेआनाला घेऊन जातो. मागच्या महिन्यात नुसतीच नेली होती. लगेच होकार आला."

उलुचा घास हातातच राहिला.

"हिला?"

"हिला."

"काका, हिला अजून उजेड कळत नाही! सगळं मी शिकवलंय हिला."

"मग गुरूचंच नाव झालं की, पोरी."

"कुठे झालं? नाव तर हिचं होणार!"

मेलेआना बिचारी घाबरली. मनानं निर्मळ पोर ती. समजूत काढायला गेली आणि नको ते बोलली.

"ताई, तू चल ना बरोबर. तू आरसा धर, मी फोटो काढते."

झालं...

आता हे तुम्हाला सांगायला हवं. असल्या खुणा झिजलेल्या असतात. ऊन आडवं पडलं तरच उठून दिसतात. जिथे ऊन पोचत नाही तिथे एक जण आरसा धरून उजेड टाकतो. ते शिकाऊ माणसाचं काम. तीन वर्षं मेलेआनानं उलुसाठी आरसा धरला होता.

"म्हणजे आता मी तुझी हमाल का गं?" उलु म्हणाली आणि ताट तसंच टाकून उठली.

मी मागोमाग गेले. म्हटलं, "वन्सं, असं काय करता? फोटो निघाल्याशी मतलब. दरी वाचल्याशी मतलब."

"तुला काय जातंय बोलायला!" ती माझ्यावरच खेकसली. "बावीस वर्षं मी उन्हात मरतेय. आणि त्या दगडाला ती आवडली!"



गुरुवारी पहाटे ती एकटीच गेली. कुणालाही न सांगता.

भिंतीच्या फटीशी पोचली तेव्हा समुद्रावर तांबडं फुटलं होतं. पूर्वेच्या टोकाला वारा कधी थांबत नाही. झाडं सळसळत होती. खाली लाटा आपटत होत्या.

ती उभी राहिली. नाव सांगायला तोंड उघडलं.

आणि मनात आलं... आपल्याला पुन्हा नकारच येणार.

दोघी मावसबहिणी. आजी एकच. आजीच्या वरची सगळी नावं एकच. फरक फक्त पहिल्या दोन नावांचा.

"मी मेलेआना," ती म्हणाली. "आई लिलिनोए. आजी हालिआ. फोटो काढायला आलेय."

वारा थांबला.

कमी झाला नाही. थांबला. एक पान हलेना.

इतका स्पष्ट होकार तिला बावीस वर्षांत कुठल्याच दगडानं दिला नव्हता. आणि बाईसाहेबांच्या मनात काय यावं? भीती नाही. 'हिला असा होकार मिळतो होय!' मला सांगतानासुद्धा तिचे दात आवळले गेले होते.

ती आत गेली.

दगड गुडघ्याएवढा. काळा. ऊन आडवं आलं आणि एकेक खूण वर आली. माणसं, होड्या, गोल गोल रेघा. तिनं मापाची पट्टी शेजारी ठेवली आणि फोटो काढायला सुरुवात केली. दगडाला हात लावला नाही. तेवढा नेम तिनं पाळला.

डावी बाजू सावलीत होती. आरसा धरायला कुणी नव्हतं. तिनं पिशवीतला आरसा एका झुडपाला टेकवून बघितला. उजेड भलतीकडेच जायचा. तीनदा लावला, तीनदा घसरला.

"मर मेल्या," म्हणून तिनं तो खाली ठेवला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं...

लाटांचा आवाज येत नव्हता.

पाखरांचा नाही. कशाचाच नाही.

तिनं खाली पाहिलं. पट्टीची सावली होती. पिशवीची सावली होती.

तिची नव्हती.

आणि मग दगडाच्या डाव्या बाजूवर... उजेड पडला.

अगदी जिथे हवा होता तिथे. स्थिर. जाणत्या हातानं धरल्यासारखा. आरसा तर तिच्या पायाशी जमिनीवर पालथा पडला होता.

तरी तिनं फोटो काढले. हो, काढले! असा उजेड पुन्हा मिळणार नाही हे तिला कळत होतं. तिचा हा स्वभाव मी बदलू शकत नाही.

शेवटचा फोटो झाला आणि मागून, अगदी खांद्याशी, हाक आली.

"मेलेआना..."

म्हाताऱ्या बाईचा आवाज. मायेनं भरलेला. शाळेतून आलेल्या नातीला हाक मारावी तसा.

तिनं वळून पाहिलं नाही.

"मेलेआना..."

तिला म्हणायचं होतं, मी नाही ती. पण मग इथे आलीस कशी, असं विचारलं तर?

"मेलेआना?"

"ओ," उलु म्हणाली.

वारा एकदम सुटला. ती पिशवी उचलून धावत सुटली. घरी पोचली तेव्हा गुडघे फुटलेले होते.

शुक्रवारी दुपारी काका आणि मेलेआना परत आले. मेलेआनाचे डोळे सुजलेले.

"होकार आला नाही गं," ती मला म्हणाली. "दोन तास उभी होते. वारा थांबतच नाही."

काका म्हणाले, "मागच्या वेळी लगेच आला होता. आज असं वाटलं... आत कुणीतरी म्हणतंय, ती येऊन गेली."

उलुनं तेव्हा फोटो टेबलावर टाकले. असे फोटो मी जन्मात पाहिले नाहीत. काका बराच वेळ बघत राहिले.

"तुला होकार आला?"

"आला."

"स्वतःचं नाव सांगितलंस ना?"

"मग काय दुसऱ्याचं सांगणार?"

काकांनी फोटो परत तिच्यापुढे सरकवले. मेलेआनानं मात्र तिला मिठी मारली. "बरं झालं ताई. तुझाच हक्क होता." उलु भिंतीकडे बघत होती.

मंगळवारच्या कागदांचं काम माझ्याकडे होतं. फोटोंखाली नाव मी स्वतः टाईप केलं. उलुवेही. दोनदा तपासलं. छापलं, पाकिटात घातलं, पाकीट मी बंद केलं.

सुनावणीत ते पाकीट सगळ्यांसमोर उघडलं. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी पहिलं पान हातात घेतलं आणि वाचलं...

"छायाचित्रं, मेलेआना यांची."

मी पुढे जाऊन पान बघितलं. सगळ्या पानांवर तेच. घरी येऊन संगणकावर बघितलं. तिथेही तेच.

रस्ता अडला. दरी वाचली. बाहेर लोकांनी मेलेआनाच्या गळ्यात फुलांच्या माळा घातल्या. ती ओरडून सांगत होती, "अहो, माझे नाहीत हे, ताईचे आहेत!" लोक म्हणाले, काय गुणी पोर आहे, किती नम्र.

त्या रात्री उलुनं मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, "उद्याच्या उद्या जा. खरं नाव सांग. माफी माग."

ती गेली. मी फटीपासून वीस पावलांवर उभी होते. मला तिचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"मी..." ती म्हणाली.

थांबली.

"मी..."

तिच्या मानेच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या. आपलं स्वतःचं नाव, पण ते तिच्या तोंडातून निघेना.

"मी मेलेआना," ती म्हणाली. आणि रडायला लागली.

वारा थांबला.

मला बाकी काही ऐकू आलं नाही, खोटं कशाला बोलू. पण उलुनं मान तिरकी केली, कुणीतरी बोलतंय तसं ऐकलं आणि हळूच म्हणाली, "ओ." मग ती आत गेली. मी पळाले. हो, पळाले. तुम्ही असता तर थांबला असता का?

तासाभरानं ती घरी आली.

हे सगळं होऊन आता बरीच वर्षं झाली. नाइहे काका गेले. मेलेआना त्या फटीशी पुन्हा कधी गेली नाही, म्हणते, मला तिथे परक्यासारखं वाटतं. उलु मात्र दर गुरुवारी पहाटे जाते. कॅमेरा नेत नाही. घरात, दुकानात, बँकेत ती आपलं नाव नीट सांगते. फक्त तिथे ते तोंडात येत नाही.

मागच्या महिन्यात मी धीर करून विचारलं, "वन्सं, आता तरी त्या पोरीचा हेवा गेला का?"

ती भांडी पुसत होती. हात थांबला.

"कसा जाईल?" ती म्हणाली. "ती म्हातारी इतक्या मायेनं हाक मारते... आणि एकदाही मला नाही."

आज बुधवार आहे. तिनं उद्यासाठी चपला दाराशी काढून ठेवल्यात.