नव्वद मिनिटांचा अनोळखी

मिनेझिस पाऊण तास गिटार मांडीवर घेऊन बसले होते आणि वाजवत नव्हते. तारा जुळवल्या, सैल केल्या, पुन्हा जुळवल्या. चष्मा पुसला. पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत. ध्वनिबंद खोलीच्या काचेपलीकडे डॉ. शर्वरी धारप बसत होती, उठत होती, परत बसत होती. मेंदूविज्ञानात जिच्या शब्दाला परदेशातही वजन, अशी ही बावन्न वर्षांची बाई चक्क नखं खात होती. खाणारच. या माणसाने एकतीस वर्षांत कोणासमोर गिटारला हात लावला नव्हता.

ज्यांना नाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लॅन्सलॉट मिनेझिस म्हणजे पुण्याच्या कॅम्पातल्या रेल्वे फिटरचा मुलगा, 'टिन रूफ' या रॉक बँडचा गिटारवादक आणि 'खडकी सायडिंग' या एकाच तुकड्यामुळे अमर झालेला माणूस. साडेतीन मिनिटं नुसती गिटार. दुसरं मिनिट संपता संपता त्यात एक सूर किंचित खाली घसरतो. त्या घसरलेल्या सुरावर लोकांनी प्रबंध लिहिले. कोणाला त्यात विरह ऐकू आला, कोणाला बंद पडलेले कारखाने. चाहत्यांच्या रसिक मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात वीस-पंचवीस जण तो तुकडा वाजवतात आणि जो कोणी तो सूर नेमका तेवढाच घसरवेल तो खरा, असं तिथे ठरलेलं आहे. नीट सुरात वाजवणाऱ्याला 'पुस्तकी' म्हणतात आणि चहाला निघून जातात.

खरी गोष्ट एवढीच की त्या दिवशी बोटाला घाम आला होता. मिनेझिस हे प्रत्येक मुलाखतीत सांगत आले आणि चाहते म्हणत आले, काय हा विनय. शेवटी एकतीस वर्षांपूर्वी, भर कार्यक्रमात, त्यांनी तो सूर जिथे हवा होता तिथे लावला आणि पुढे नवीन सुचलेलं वाजवायला घेतलं. पाच हजार लोकांनी हुर्यो उडवली. त्यांनी गिटार पेटीत ठेवली, घरी गेले आणि पेटी बंदच राहिली.

हुर्यो उडवणाऱ्यांत शर्वरीही होती. एकवीस वर्षांची होती, घसा बसेपर्यंत ओरडली होती. मग घरी येऊन तिच्या लक्षात आलं की ते नवीन काय होतं ते आपण ऐकलंच नाही. ही रुखरुख पुढे कधी गेली नाही. तिचं सगळं संशोधन त्यातूनच निघालं म्हटलं तरी चालेल. सहा महिन्यांपूर्वी ती त्यांच्या दारात उभी राहिली तेव्हा तिने, मी तुमची चाहती, असं म्हटलंच नाही. "मी ओरडणाऱ्यांत होते," एवढं म्हणाली. मिनेझिसनी तिला आत घेतलं, कारण तसं सांगणारी ती पहिलीच होती.

"पण करणार काय तू माझ्या डोक्याला?" त्यांनी प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

शर्वरीचा सहकारी हेमंत ताम्हाणे यंत्राचा माणूस. त्याला रॉक संगीत आणि मिक्सरचा आवाज यांत फारसा फरक वाटत नसे, त्यामुळे तो निर्विकारपणे समजावू शकत होता. "हा नामशामक टोप. नाव ऐकलं की मेंदूत एक जाळं पेटतं. कीर्ती, किस्से, लोकांची मतं, छायाचित्रं, सगळं त्या एका नावाला टांगलेलं. त्याला आम्ही ख्यातिजाल म्हणतो. आधी तुमचं नाव आणि तुमचं वादन ऐकवून ते जाळं नेमकं कुठे आहे ते टिपायचं. मग श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या लहरींनी तेवढंच नव्वद मिनिटं झोपवायचं."

"म्हणजे मी वाजवायचं विसरणार."

"नाही," शर्वरी म्हणाली. "हाताचं ज्ञान वेगळ्या ठिकाणी असतं, सर. तुम्ही वाजवाल. फक्त कोण वाजवतंय ते तुम्हाला ठाऊक नसेल. आणि त्याची उणीवही भासणार नाही. जे मेंदू शोधतच नाही ते हरवलंय असं त्याला वाटत नाही."

"ऐकणाऱ्यालाही लावता येतो का हा टोप?"

"येतो. मूळ प्रयोग तोच. कानाला किती आवडतं आणि नावाला किती आवडतं, ते वेगळं काढायचं."

"आणि नव्वद मिनिटांनी?"

"सगळं परत. मधलं काय घडलं तेही आठवेल."

तर आज टोप न घालता त्यांना पाऊण तास दिला होता. तो असा गेला. मग ताम्हाणेने टोप चढवला, लहरी सुरू केल्या आणि दहा मिनिटांत मिनेझिसच्या खांद्यांचा ताठा उतरला. त्यांनी गिटारकडे पाहिलं, अंगठ्याने एक तार छेडली आणि वाजवायला लागले. सहज. शर्वरी काच सोडून खोलीत धावली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, हात नकळत जोडलेले होते.

चार मिनिटांत मिनेझिस थांबले. "ही बाई देवळात आल्यासारखी का बघते माझ्याकडे?" त्यांनी ताम्हाणेला विचारलं. "मी कोण आहे?" एकदा हा प्रश्न पडल्यावर बोटं आखडली ती आखडलीच.

नाव परत आल्यावर त्यांनी गिटार बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुझ्या तोंडावर माझं नाव लिहिलेलं होतं, पोरी. असं नाही जमणार. उद्या तूही टोप घाल."

"घालते."

"अजून एक. ध्वनिमुद्रणाचं बटण तुझ्या हातात. ऐकताना वाटलं की हे ठेवावं, तर दाब. नाही वाटलं तर नको. नावासाठी कोणी काही ठेवायचं नाही. तसलं घरी कपाटभर पडलंय. मला एकदा बघायचंय, नावाशिवाय मी काय आहे. चौऱ्याहत्तर वर्षांचा झालोय, अजून किती थांबू?"

शर्वरीने ताबडतोब कबूल केलं. पहिल्या मिनिटाला दाबीन, मनात म्हणाली. त्या चार मिनिटांवरून तिची खात्रीच पटली होती. ताम्हाणे मात्र पुटपुटला, "मी बाहेरून दाबू का गुपचूप? निदान एक प्रत राहील." तिने त्याला झापलं. शब्द दिला म्हणजे दिला. शिवाय ज्या माणसाला लोकांनी एकदा दुखावलं त्याला आता फसवायचंही म्हणजे हद्दच झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दोघांनी टोप चढवले. ताम्हाणे काचेपलीकडे, त्याला आतलं काही ऐकू येत नव्हतं.

शर्वरीने डोळे उघडले तेव्हा समोर एक म्हातारे गृहस्थ गिटार घेऊन बसले होते. शर्टाची कॉलर विटलेली, बोटं लांब. आपण प्रयोगासाठी आलोय, हे तिला माहीत होतं. हातात बटण होतं, बटणाखाली तिच्याच अक्षरात कागद चिकटवला होता: ऐक. ठेवावंसं वाटलं तर दाब. तिने वाचला. काहीच अवघड नव्हतं.

गृहस्थ वाजवायला लागले. सुरुवातीला इकडेतिकडे चाचपडले, मग एक धून हाताला लागली आणि ती त्यांनी सोडली नाही. तीच धून उलगडत, वळवत, मध्येच तिच्याशी भांडत ते पुढे गेले. शर्वरी खुर्चीत मागे रेलली. कालपासून, खरं तर कितीतरी वर्षांपासून अंगात असलेली तगमग कुठे गेली कोण जाणे. तिला बरं वाटलं. मधल्या एका जागेला अंगावर शहारा आला, एकदा तर हसू फुटलं. बटण मांडीवर पडलं होतं. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि वाटलं, कशाला? छान चाललंय, ऐकावं. बागेतून जाताना कोणी छान गात असलं तर आपण दोन मिनिटं थांबतो, ते गाणं घरी नेत नाही. आणि न्यायचं तरी कोणाचं म्हणून?

तासाभराने गृहस्थांनी गिटार खाली ठेवली, हात झटकले.

"छान वाजवता हो तुम्ही," शर्वरी म्हणाली. "शिकवणी घेता का?"

"अजून कोणी विचारलं नाही," ते लाजून हसले. "कोणी आलं तर घेईन की."

मग दोघं कॅम्पातल्या बेकऱ्यांवर बोलत बसले. कोणती चांगली, कोणती आता बिघडली.

नव्वद मिनिटं भरली. नाव परत आलं ते हळूहळू नव्हे, एकदम आलं. शर्वरीने बटणाकडे पाहिलं. दिवा बंद. तिने ते दाबलं, नुसतंच, वेड्यासारखं दोनदा दाबलं. शांत खोलीचं ध्वनिमुद्रण सुरू झालं.

"नाही दाबलंस," मिनेझिस म्हणाले.

"सर, मला सुचलंच नाही. तुम्ही पुन्हा वाजवा ना, आत्ता, ते मधलं..."

त्यांनी गिटार उचलली. बोटं तारांवर ठेवली. शर्वरीने त्यांच्या मनगटात तो ताठा परत चढताना पाहिला आणि मान खाली घातली. त्यांनी गिटार पेटीत ठेवली.

"उद्या परत टोप घालू," ती काकुळतीला आली. "हवं तितक्या वेळा घालू. उद्या मी नक्की दाबेन."

"उद्या तू दाबायचं ठरवून येशील. मग टोप कशाला घालायचा?"

बरोबर होतं ते. ठरवून दाबलेलं बटण नावासाठीच दाबलेलं असणार.

"सर, खरं सांगते, ते फार मोठं होतं. 'खडकी सायडिंग'पेक्षा मोठं. मी आयुष्यात असं काही ऐकलं नव्हतं. माझा घसा दाटून आला होता." बोलता बोलता तिचा आवाज फुटला, कारण यातला शब्द न् शब्द तिला खरा वाटत होता. आणि घसा तेव्हा दाटला होता की आत्ता दाटला, हे तिचं तिलाच कळेना.

मिनेझिसनी पेटीचं झाकण लावलं. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट डोक्यावरचं ओझं उतरवलेल्या माणसाला वाटतं तसं काहीतरी हलकं वाटत असावं त्यांना.

"हे तू आत्ता म्हणतेस," ते म्हणाले. "तेव्हा तू म्हणालीस, छान. शिकवणी घेता का म्हणालीस. चाळीस-पन्नास वर्षांत मला पटलेली ही पहिली दाद आहे. तेवढी घेऊन जाऊ दे मला. तिच्यावर आता आणखी काही चढवू नकोस."

ताम्हाणे दारात उभा होता आणि काय झालं, काय झालं, असं विचारत होता. मिनेझिसबद्दल शर्वरी यापुढे जे काही बोलेल ते नाव ठाऊक असलेल्याचं बोलणं, आणि त्याला पुराव्याची किंमत शून्य, असं तिनेच आपल्या पहिल्या शोधनिबंधात सिद्ध केलं होतं.