घरातलं गाणं

"तामिळ राहू द्या हो, मराठीतच सांगा," काउंटरमागचा तरुण म्हणाला आणि नंदिताचा जीव भांड्यात पडला.

इथल्या मराठी घरांतल्या गाण्यांवर निबंध लिहायला पुण्याहून तंजावूरला आलेली ती, कॉलेजच्या लायब्ररीत तोडक्यामोडक्या तामिळमध्ये पुस्तकं मागत होती. संशोधनातला साहेबी चष्मा उतरवून, ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांच्याच रीतीनं, त्यांना विचारून कसं लिहावं, हे सांगणारी पुस्तकं.

रघुराम तिथला ग्रंथपाल. पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरला राहिलेल्या मराठी घरातला; घरी मराठी बोलणारा, पण देवनागरी न येणारा.

"कशास हवीत?"

"कशास!" ती हसली. "किती गोड..."

"मी, की मराठी?"

नंदितानं घाईघाईनं वही उघडली — उलटी.

तीन आठवडे तो कुठून कुठून लेख शोधून आणत राहिला. मराठी लेख ती त्याला वाचून दाखवायची. तो लेखाकडे कमी, तिच्याकडेच जास्त बघायचा.

"पुस्तकं पुष्कळ झाली," एके दिवशी तो म्हणाला. "अत्ता माणसास विचारू."

कालव्याकाठानं मोपेडवरून त्यानं तिला जवळच्या तिरुवैयारुला आपल्या आत्याकडे नेलं. कामाक्षीआत्यानं लग्नातली, जात्यावरची गाणी म्हटली. मग डोळे मिटून एक वेगळंच — आपल्या वारलेल्या लेकीसाठी रचलेलं.

"हे घरातलं, बाळ. लिहू नको."

नंदितानं मान डोलावली. फोनवर गाण्यांचं रेकॉर्डिंग चालू होतं, ते मात्र पुसलं नाही.

पुण्यात ते गाणं ऐकून तिचे गाईड म्हणाले, "हेच तर निबंधाचा प्राण!" मुदत डोक्यावर होती. तिनं आत्याचं नाव गाळलं, गाणं ठेवलं.

इंग्रजीत छापलेला निबंध रघुरामच्या नजरेतून सुटणार थोडाच! त्यानं फोन उचलणं बंद केलं.

नंदितानं निबंध मागे घेतला आणि ती तिरुवैयारुला गेली. पाया पडली, रडली. आत्यानं कॉफी दिली, पोटभर जेवू घातलं. पण गाण्याचा विषय निघताच उठून आत गेली.

रघुराम तिला बसस्टँडवर सोडायला आला.

"तू आवडतेस मला... अजून," तो म्हणाला. "पण तू आलीस की घरची माणसं जपून बोलणार. अशा घरात तुला कसं आणू?"

"मी थांबते ना! आत्या पुन्हा गाईपर्यंत..."

"नको. तेही तिच्यावर ओझंच."

त्यानं तिची बॅग वर चढवून दिली. "माफ कर... खरंच माफ कर," ती खिडकीतून म्हणत राहिली. बस निघाली.

तिरुची आलं तेव्हा तिला उमगलं — इतक्या वेळा माफी मागताना 'मलाही तू आवडतोस' एवढं सांगायचं राहूनच गेलं होतं.