फेराचा उलटा कागद

पासलीला मी जमिनीच्या मोजणीसाठी गेलो होतो. साल एकोणीसशे चौतीस, नागपंचमीच्या आधीचा आठवडा. चिखलात साखळी ओढता येईना, म्हणून देवळाच्या पायरीवर बसलो. समोर मुली फेर धरत होत्या, आणि एक जण सगळ्यांवर ओरडत होती.

"आगं, डावा पाय! म्या गेल्यावर कोण सांगंल तुमास्नी?"

ती साळू. तो जुना फेर तिच्या आईचा. आई वारली, आणि आता तो पुरता येणारी साळू एकटीच उरली होती. घरात तिच्या लग्नाचं बघत होते. ती गावाबाहेर गेली की फेरही जाणार.

नकाशावर खुणा करणं माझं रोजचंच काम. डाव्या पायाला पोकळ गोल, उजव्याला भरीव, टाळीला फुली. अक्षर न येणाऱ्या मुलींनाही कळेल असा फेर मी चार दिवसांत कागदावर उतरवला.

कागद बघून नाचणाऱ्या मुली पहिल्याच वळणाला बाकीच्यांवर आदळल्या. डाव्याचं उजवं झालं होतं.

साळू कागद घेऊन आली. "मोजणीवाले, ह्यो समोरनं लिवलाय सगळा. गोलात निम्मा वेळ माझी पाठ असती की तुमच्याकडं! तवा काय करत व्हता?"

"वाट बघत होतो."

"कशाची?"

"तू वळायची..."

ती लाल झाली. मग म्हणाली, "उद्या खळ्यावर या. माझ्या मागं उभं ऱ्हाऊन लिवा."

दुसऱ्या दिवशी तिचे वडील कडेला दोर वळत बसले होते. साळू पुढे, मी मागे. तिच्या ओल्या पावलांत पाय ठेवत मी चाललो होतो.

"पाय तुडवू नगा."

"तू मधेच थांबतेस."

"मग थांबू नगं व्हय?"

"थांब," मी म्हणालो. "किकवीला... माझ्या घरी येशील?"

ती वळली नाही. पाऊल पडलं, पण टाळी पडली नाही.

"टाळी राहिली," मी म्हणालो.

"तुमच्यापायी ऱ्हायली. आन् ह्ये मला काय इचारता? आमचा बा बसलाय की तितं!"

मी दोर वळणाऱ्या हातांकडे गेलो.

बारा वर्षं संसार झाला. गेल्या ज्येष्ठात ती तापानं गेली. यंदाच्या पंचमीला, त्या खळ्यावर तिच्या मागे राहून नीट लिहिलेला कागद मी पासलीला नेऊन दिला. साळूला कधी न पाहिलेल्या मुली तिचा फेर नाचल्या. एकही पाऊल चुकलं नाही.

पहिला कागद मात्र तिच्या पेटीत होता. लग्नानंतर मी तो चुलीत घालायला निघालो, तेव्हा तिनं हिसकावून घेतला होता.

"चुकलाय तो," मी म्हणालो होतो.

"चुकू द्या. ह्यात म्या तुमच्याकडं तोंड करून हाय."

तो मी कुणाला दिला नाही.