समजा, आई नाही

गणितात एम.एस्सी. करून मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत वेळापत्रकं आखतो. कुठला मेकॅनिक कुठल्या इमारतीत कधी जाईल, एवढंच. माझं गणित सुटलं असं लोकांना वाटतं. सुटलेलं नाही. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मी अजून जुनी प्रमेयं घेऊन बसतो. विद्यापीठात जे नुसतं घोकलं, ते आता कुठे कळायला लागलंय. आणि तेव्हा कळलेलं अर्धं हातून निसटलंय. डोकं पार शिणतं, तरी त्या दोन तासांइतका सुखी मी एरवी नसतो. बायको म्हणते, "तुझ्या त्या 'क्ष'लाच जेवायला बोलव, म्हणजे तूही येशील."

त्या रविवारी समोर मुलगी बसली होती. अकरावीतली. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा, आणि अप्रत्यक्ष सिद्धता काही केल्या डोक्यात शिरेना. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. आतल्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन एका लयीत चाललं होतं, त्या आवाजानं मला पेंग येत होती.

"जे हवंय त्याच्या उलट मानायचं," मी म्हणालो. "मग एकेक पायरी पुढे जायचं. कुठेतरी विसंगती निघते. निघाली की मानलेलं खोटं."

"खोटं आहे हे माहीत असताना मानायचं कशाला?"

"तीच तर गंमत आहे. आई आत शिवतेय, हे सिद्ध करू. उठून बघायचं नाही हं."

मी तिच्या वहीत लिहिलं: समजा, आई नाही.

ती हसली. "आई, बाबानं तुला उडवलं."

"उडवू दे," आतून बायको म्हणाली. "पण आधी कप विसळायला सांग त्याला."

मुलगी पुढे सरसावली. "आई नसेल, तर मशीनचा आवाज येणार नाही."

आम्ही कान दिला. आवाज येत नव्हता.

"दोरा तुटला असेल," मी म्हणालो. "पुढे."

"तर टेबलावर दोनच कप असतील."

दोनच होते. मघाशी मी तीन कपांत चहा ओतला होता, हे मला पक्कं आठवत होतं. ऊन अंगावर सुखद लागत होतं. भीती वाटायला हवी, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"आई?" मुलीनं हाक मारली.

मी उठून आत गेलो. खोलीत एक खुर्ची आणि पुस्तकं. मशीनच्या जागी फरशीवर त्याच्या पायांच्या खुणासुद्धा नव्हत्या.

परत आलो तेव्हा मुलगी वहीकडे बघत होती. "बाबा, विसंगती निघतच नाहीये."

मी ती ओळ पुन्हा वाचली. 'आई घरात नाही' असं लिहायला हवं होतं. एक शब्द गाळला होता. याच सवयीपायी विद्यापीठातल्या सरांची बोलणी खाल्ली होती मी. शब्द घालायला पेन टेकवलं, तर तिनं माझा हात धरला.

"मध्येच गृहीतक बदलायचं नसतं. मागच्या आठवड्यात यावरूनच ओरडला होतास मला."

तिचा हात गार पडला होता. मी तिच्याकडे पाहिलं आणि एकदम सुचलं. आई नसेल, तर ही कुठून आली? हीच विसंगती. विद्यापीठात एखादा अडलेला प्रश्न सुटला की व्हायचा, तसा आनंद झाला मला.

"सापडलं," मी म्हणालो. "तू आहेस ना समोर."

पुढची पायरी तिला आधी दिसली. माझ्यापेक्षा तिची बुद्धी तल्लख.

"बाबा, ते नको लिहूस," ती हळूच म्हणाली.

मी लिहायला लागलो होतो. आई नसेल, तर मुलगीही नसेल.

मान वर केली.

समोरची खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली होती.

पुढची ओळ मला पाठ आहे: पण मुलगी आहे. पेन त्या जागी टेकवून मी बसलो. हात पुढे सरकेना.

मग वही मागे चाळत गेलो. पहिल्या पानापासून सगळं अक्षर माझंच होतं.