स्पॅममध्ये सापडलेली तारीख

लॅपटॉप छातीशी धरून ती ग्रंथालयाच्या पायऱ्या धावत चढत होती आणि तो चहाचा कप सांभाळत उतरत होता. व्हायचं तेच झालं. निम्मा चहा तिच्या बाहीवर!

"सॉरी, सॉरी... भाजलं का?"

"ते राहू दे हो. इथला संगणकवाला कुठे बसतो?"

"आत्ता तर तुमच्यासमोर उभा आहे."

ती बाबांचं जुनं शिलाईचं दुकान चालवायची. बाबांच्या हृदयाची झडप बदलायची होती. रुग्णालयातून नुकताच फोन आला होता – ऑपरेशनच्या तारखेचं पत्र ईमेलने दोनदा पाठवलंय, त्यातूनच होकार कळवा. पाचपर्यंत आला नाही तर तारीख दुसऱ्या पेशंटला. आणि बाबांच्या इनबॉक्समध्ये पत्राचा पत्ताच नव्हता!

तो तिथेच पायरीवर बसला. स्पॅमचा कप्पा उघडला. लॉटऱ्या, केस वाढवणारी तेलं... आणि त्यांच्या गर्दीत अंग चोरून बसलेलं रुग्णालयाचं पत्र.

"बाबांनी कधी सगळी पत्रं एकदम स्पॅममध्ये ढकलली होती का?"

"मागच्या महिन्यात! जाहिरातींना वैतागून."

"त्यात रुग्णालयाचंही एखादं गेलं असणार. फिल्टर बिचारा शिकला – यांना ही मंडळी नकोत."

होकार गेला तेव्हा पाचला बारा मिनिटं होती. ती त्याच्या शेजारी मटकन बसली. आभार मानायला तोंड उघडलं आणि... नुसतं रडूच आलं. त्याने उरलेला चहा तेवढा तिच्यापुढे सरकवला.

रविवारी तो घरी आला. रुग्णालयाची पत्रं कधीच स्पॅममध्ये जाऊ नयेत असा नियम त्याने लावून दिला. पण फिल्टरला थोडं थोडं शिकवत राहावं लागतं, म्हणून मग दर रविवारी बाबांची शिकवणी सुरू झाली.

"हे पत्र?"

"स्पॅम."

"आणि हे?"

"हे माझ्या मेव्हण्याचं." बाबांनी क्षणभर विचार केला. "स्पॅमच."

ती खळखळून हसली. तो पडद्याकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिला.

"तुमच्या शर्टाचा उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय," ती घाईघाईने म्हणाली.

"एवढं निरखून बघता?"

"कामच आहे माझं."

"फक्त... काम?"

ती टेप शोधायला आत पळाली. टेप तिच्या गळ्यातच होता.

ऑपरेशन छान पार पडलं. बाबा घरी आले, दुसरी पोळी मागू लागले. आणि तो मात्र यायचाच थांबला. एक रविवार गेला, दुसराही गेला.

"मने, माझी पत्रं साचलीत," बाबा म्हणाले. "तू जातेस त्याला बोलवायला, की मी जाऊ या टाक्यांसकट?"

ती गेली. वाचनकक्षाच्या कोपऱ्यात तो कुणाचा तरी प्रिंटर उघडून बसला होता.

"का येत नाही?" तिने कुजबुजत विचारलं.

"काम झालं ना. बाबांना आता सगळं जमतं."

"खरं सांगा."

त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "तुम्ही दर वेळी इतके आभार मानता, की... भीती वाटते. मी काही विचारलं, आणि तुम्ही केवळ उपकार फेडायचे म्हणून हो म्हणालात तर?"

ती सावकाश म्हणाली, "आभार आहेतच. बाबा जिना चढताना दिसले, की रोज मनात हात जोडते मी. जन्मभर जोडेन. पण नुसते आभारच असते ना, तर मिठाईचा डबा देऊन मोकळी झाले असते. दोन रविवार खिडकीशी उभी राहिले नसते."

"मग... विचारू?"

"विचारा ना. हो म्हणाले तर ती फेड नसेल. लोभ असेल."

त्याने विचारलं. अगदी हळू, जवळजवळ ओठांतल्या ओठांत. ती 'हो' म्हणाली ते मात्र अख्ख्या वाचनकक्षाला ऐकू गेलं.