मागच्या सीटवरचे वकीलसाहेब

दार जरा ओढून घ्या, थंडी आत येतेय. आणि गोष्ट ऐकायची म्हणता तर ऐका, पण मध्येच खीखी करायची नाही. ही कुठल्या पुस्तकातली नाही, आमच्या पुंडलिक खटावकराची आहे. हुबळीच्या बाजारात ज्याचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, तोच. हुबळीच्या कडेला उणकलला तळ्याच्या अंगाला नवी घरं झाली तेव्हा त्यानंही हौसेनं घर बांधलं. वास्तुशांत झाली आणि त्याच वर्षी बायको गेली, चंद्रभागा. मुलगा दुबईला. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून घसा बसायचा, आणि घरी आलं की रेडिओखेरीज बोलणारं कुणी नाही.

तर हा पुंडलिक दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात एकदा धारवाडला गेला. माळमड्डीतले शेषगिरी वकील नुकतेच वारले होते आणि त्यांची गाडी विकायची होती. जर्मन गाडी, डिझेलवर चालणारी. काळी, लांबलचक, बॉनेटवर चांदीचा तारा. जुनी झाली तरी तिचा रुबाब उतरला नव्हता. वकीलसाहेबांनी ती स्वतः कधी चालवली नाही. ड्रायव्हर पुढे, साहेब मागे डाव्या बाजूला तपकीर ओढत, अशी ती वर्षानुवर्षं कोर्टात जायची.

एकट्या माणसाला एवढं धूड कशाला, असं सगळ्या बाजारानं विचारलं. पुंडलिक नुसता हसायचा. त्याच्या मनात काय होतं ते सांगतो. दारात अशी गाडी असली की माणसं येतील, असं त्याला वाटलं होतं. पुंडलिकअण्णा, चला गोकर्णाला जाऊ, चला लग्नाला जाऊ, असं कुणीतरी म्हणेल. मागची सीट भरेल. इतकंच हवं होतं बिचाऱ्याला.

व्यवहार झाला. वकीलसाहेबांच्या पत्नी वेणूबाई किल्ली देऊन दारात उभ्या राहिल्या. मागच्या भिंतीवर साहेबांचा हार घातलेला फोटो. आता तुम्हाला ठाऊक आहे, ज्या घरातलं माणूस गेलंय तिथून निघताना आपण ‘येतो’ म्हणत नाही, आणि तिथल्या कुणाला ‘या’ही म्हणत नाही. गुपचूप उठायचं आणि चालू लागायचं. पण दुकानदाराची जीभ ती. गाडीच्या आनंदात पुंडलिक हात जोडून म्हणाला, “येतो हं वैनी. आणि तुम्ही पण या उणकलला. सगळे या.” बोलता बोलता त्याची नजर फोटोवर गेली होती.

वेणूबाईंचा चेहरा पडला. “हंग अन्नबारदु, अण्णा,” त्या हळूच म्हणाल्या. “असं म्हणू नये. अजून वर्ष व्हायचंय की.”

पुंडलिकानं जीभ चावली. पण तोंडातून गेलं ते गेलं. आणि खरं सांगायचं तर ते त्यानं नुसतं तोंडदेखलं म्हटलं नव्हतं.

पहिला आठवडाभर माणसं आली. गाडीभोवती फिरली, टायरला लाथ मारून बघितली, ॲव्हरेज विचारलं, चहा प्याली आणि गेली. मागच्या सीटवर कुणी बसलं नाही. पुंडलिक रविवारी एकटाच तिला धुवायचा, पुसायचा. सकाळी किल्ली अर्धी फिरवून इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मगच स्टार्टर मारायचा, हे तो नेमानं पाळायचा. जुनी डिझेल गाडी म्हणजे सासुरवाशीण नव्हे, सासू असते. तिच्या कलानं घ्यावं लागतं. आज फिल्टरमध्ये पाणी, उद्या रबरी पाइपला चीर. सुटा भाग मिळायचा नाही, मुंबईहून मागवावा लागायचा. गोकुळ रोडवरच्या सटवाजी मिस्त्रीच्या गॅरेजात पुंडलिकाचं कायमचं स्टूल पडलं. तेवढीच बोलायला जागा.

श्रावणात सटवाजीच्या लक्षात आलं की गाडी मागून डाव्या अंगाला बसलीय. स्प्रिंग बदलली. गाडी सरळ झाली. पंधरवड्यात परत बसली. दुसरी स्प्रिंग घातली, शॉक ॲब्सॉर्बर बदलले. पुन्हा तेच. डावा मागचा टायर तेवढा झिजलेला.

“अण्णा, मागं कोण बसतंय ओ?” सटवाजीनं विचारलं.

“कोण बसणार? मी एकटाच की.”

“तसं नव्हे. रोज कोण तरी एक माणूस बसल्यागत बसलीय गाडी. बाजू बघा तुम्हीच.”

पुंडलिकानं बघितलं. मागच्या गादीवर डाव्या बाजूला खळगा पडला होता. हात लावला, तर बाकीची सीट गार आणि तेवढीच जागा कोमट. आणि आत तपकिरीचा वास. पुंडलिकानं जन्मात तपकीर ओढली नव्हती.

तुमच्यापैकी कुणी असता तर गाडी तिथंच सोडून पळाला असता. पुंडलिक पळाला नाही. भ्याला तो, भिणार नाही कसा? पण त्या रात्री घरी जाताना त्यानं एक केलं. आरशात न बघता म्हणाला, “वकीलसाहेब, आज बाजारात फार गर्दी होती.” ऐकणारं कुणी आहे, हे कळतं माणसाला. तो बोलत राहिला. दुकानातलं, मुलाचं, चंद्रभागेचं. तेव्हापासून रोजच. सकाळी हीटरचा दिवा पेटला की, “जरा दम धरा साहेब, तापू द्या,” म्हणायचा. कित्येक वर्षांत तो एवढं बोलला नव्हता. चेहऱ्यावर जरा तजेला आला. फक्त आरशात तो कधी बघायचा नाही.

मग ती रात्र आली. नोव्हेंबरची तेवीस तारीख, रविवार, कार्तिकातली अमावास्या. धारवाडच्या पलीकडं अळणावरला चंद्रभागेची थोरली बहीण होती, भागीरथीअक्का. तिला बरं नव्हतं म्हणून पुंडलिक दुपारी भेटायला गेला. जेवणखाण होईस्तोवर अंधार पडला. अक्का म्हणाली, राहा. हा म्हणाला, सकाळी दुकान आहे. काठी टेकत अक्का फाटकापर्यंत आली, आणि गाडीच्या मागच्या काचेकडे बघून म्हणाली,

“अरे पुंडलिका, हे काय रे? इतका वेळ त्यांना गाडीतच बसवलंस? आत बोलवायचं नाहीस काय?”

पुंडलिक गाडीच्या दाराशीच थांबला. “कुणाला अक्का?”

“हे की. काळा कोट घातलेले.”

अक्कानं पुन्हा नीट बघितलं. पदर डोक्यावरून घेतला. मग पुंडलिकाचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं आणि सगळं काढून घेतलं. फोटो, ‘सगळे या’, स्प्रिंग, रोजच्या गप्पा, सगळं.

“गेलेलं माणूस बोलावल्याशिवाय येत नसतंय,” ती म्हणाली. “तू बोलावलंस. आता तूच पोचव. त्यांच्या घरापुढं गाडी उभी कर. दार उघड. उतरले की ‘जातो’ म्हण. येतो म्हणू नको, पुंडलिका. जातो म्हणायचं आणि मागं न बघता निघायचं. नाहीतर एक दिवस ते तुला नेतील. त्यांना तरी दुसरं कोण आहे तिकडं?”

गाडी निघाली. अळणावर मागं पडलं आणि रान लागलं. तुम्ही तो रस्ता आता बघता, तसा तेव्हा नव्हता. दिवे नाहीत. समोरून गाडी नाही. फक्त डिझेल इंजिनाची घरघर.

आज पुंडलिक काही बोलत नव्हता. काय बोलणार? ज्याला सोडायला चाललोय, त्याच्याशी कसल्या गप्पा?

तपकिरीचा वास दाट झाला. मागे सीट करकरली. कुणीतरी पुढे वाकल्यासारखी. मानेला गार लागलं.

“साहेब...” पुंडलिक म्हणाला.

...

“साहेब, रागावू नका.”

...

वळण. पुन्हा रान. पुन्हा वळण. आरसा तिथंच होता. बघायचं नाही. बघायचं नाही. एकदा खड्ड्यात चाक गेलं, आरसा हलला, आणि नको ते दिसलं. तोंड नाही दिसलं. फक्त कोटाची काळी बाही. मांडीवर ठेवलेला हात. म्हाताऱ्या माणसाचा. थरथरणारा.

भुताचा हात थरथरेल असं पुंडलिकाला कधी वाटलं नव्हतं. त्यानं गाडीचा वेग कमी केला. भीतीनंच, पण नुसत्या भीतीनं नाही.

धारवाड आलं. माळमड्डी. वेणूबाईंचं घर अंधारात. पुंडलिकानं इंजिन बंद केलं. उतरला. मागचं डावं दार उघडलं. नजर जमिनीवर.

“घर आलं, साहेब.”

...

काहीच झालं नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

मग स्प्रिंग कण्हली. हळूहळू गाडी वर आली. सरळ झाली. त्याच्या अंगावरून गार वारा गेला, आणि फाटकाची कडी वाजली.

आता एकच शब्द. जातो. म्हटला की सुटला.

पुंडलिकानं रिकाम्या सीटकडे बघितलं. पुढे उणकलपर्यंतचा रस्ता. मग कुलूप. मग रेडिओ. उद्या सकाळी हीटरचा दिवा पेटेल, विझेल, आणि जरा दम धरा म्हणायला मागे कुणी नसेल. त्यानं तोंड उघडलं, आणि शब्द निघाला तो,

“येतो, साहेब.”

सवयीनं निघाला की मुद्दाम, हे त्यालाही सांगता आलं नाही. त्यानं दार लावलं आणि गाडी सुसाट सोडली. वाटेत वास नाही. करकर नाही. गाडी हलकी, सरळ. मागे कुणी नव्हतं. पुंडलिक रडत रडत उणकलला पोचला.

फाटक लावलं. व्हरांड्यातला दिवा लावला. दाराला कुलूप, जसं दुपारी घातलं होतं तसंच.

आणि उंबऱ्याबाहेर पंपशूंचा जोड. काळे, जुने, कोर्टात जाणारी माणसं घालायची तसले. पाहुणा आत जाताना काढतो तसे, शेजारी शेजारी, नीट काढलेले. टोकं घराकडे.

पुंडलिकानं कुलूप काढलं आणि आत गेला.

पहाटे दूधवाला आला. दाराशी बघून म्हणाला, “काय अण्णा, पाहुणे आलेत वाटतं?”

पुंडलिकानं त्या जोडाकडे बघितलं. मग पातेलं पुढे केलं.

“आजपासून अर्धा लिटर जादा घाल,” तो म्हणाला.